लहान डबा आधी

आमच्या चक्कीवर तोंडाने बोलण्यात काही हशील नसतं. मोटर सुरू झाली की शेजारी उभ्या बाईचा आवाजही पोचत नाही, मग सगळ्या जणी हातांवर येतात. जाडं हवं, बारीक हवं, डबा कुणाचा, सुनेला कितवा महिना, सगळं हातांनीच. त्यामुळे जन्मापासून ऐकू न येणारा माणूस ही चक्की चालवतो याचं जानेफळात कुणाला नवल नाही. उलट त्याच्या भाषेत आम्हीच कच्चे आहोत.

त्यांचं नाव इंद्रभान. चक्की माझी आहे, म्हणजे कागदावर. माझं नाव अन्नपूर्णा आणि धंदा पिठाचा, आईबापांनी फार लांबचं पाहिलं म्हणायचं. सासऱ्यांकडून चक्की माझ्याकडे आली तेव्हा इंद्रभानभाऊ तिच्यासोबतच आले, त्याला बावीस वर्षं झाली. माझी शाळा सातवीत संपली. पुढचं सगळं, मोटर का तापते, पट्टा का सरकतो, दगडाला टाकीने खाचा कधी पाडायच्या, हे मी त्यांच्या हातांकडे बघत शिकले. हातांना वऱ्हाडी येते की नाही माहीत नाही, पण त्यांचं बोलणं मला वऱ्हाडीतच ऐकू येतं.

रांगेचे नियम त्यांचेच. चक्कीच्या वरच्या पेटीत धान्य सोडायचं ते तिच्या ताकदीपेक्षा जरासं कमीच. घाईत भसकन ओतलं की दगड गुदमरतो आणि सगळ्यांचंच थांबतं. दुसरं म्हणजे, लहान डबा आधी. अर्धं पोतं गहू घेऊन कुणी बसलेलं असो, मागून एखादी बाई शेरभर ज्वारी घेऊन आली की भाऊ अंगठा आणि बोट जुळवून चिमूट दाखवतात आणि हात चक्कीकडे नेतात. म्हणजे हिला मधे घ्या. एकदा मीच कुरकुरले होते तेव्हा त्यांनी समजावलं, "पोत्याचे दोन मिनिटं जातात. डब्याची सांज वाचते."

यावर आमचे शेजारी हिंमतराव यांनी एकदा शक्कल लढवली. घरातला सगळा गहू पाच लहान डब्यांत भरला आणि पाच जणांच्या हाती पाठवला. भाऊंनी पाचही झाकणं पाहिली, सगळ्यांवर एकच हिरवा रंग. त्यांनी पाचही डबे एकामागे एक लावले आणि एक बोट वर केलं. एका घराचा एक नंबर. हिंमतराव आजही म्हणतात की तो रंग चुकून लागला होता.

भाऊंना आणि जनकाबाईंना एकच मुलगी, मयुरी. इंदूरला दोन वर्षं राहून खुणांच्या भाषेचा कोर्स करून ती गेल्या दिवाळीत परत आली, आणि आल्याबरोबर तिने बापाला शिकवायला घेतलं. भाऊंच्या खुणा घरच्या आणि चक्कीवरच्या. पण देशभरचे ऐकू न येणारे लोक जी भाषा बोलतात ती त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. रोज चक्की बंद झाली की माझ्या ओट्यावर बापलेक बसायची. 'कदाचित' हा शब्द त्या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी मिळाला. तोवर त्यांच्याकडे हो आणि नाही एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच शब्द देत होते. पीठ केव्हा मिळेल? कदाचित. बायका वैतागल्या, मी मात्र आत जाऊन डोळे पुसून आले.

आता मयुरीला काम मिळत होतं. इंदूरच्या एका कंपनीचं. ऐकू न येणारा पेशंट दवाखान्यात गेला की डॉक्टर समोर स्क्रीन ठेवतात, स्क्रीनवर दुभाषी असते. डॉक्टर बोलतो ते ती हातांनी सांगते, पेशंट हातांनी सांगतो ते ती बोलते. मयुरीला हे जानेफळात बसून करायचं होतं. कंपनी म्हणाली, एक तास चाचणी घेऊ. चित्र टिकलं तर घरून कर, नाही टिकलं तर इंदूरच्या ऑफिसात येऊन बस.

"जाय नं मंग इंदूरले," जनकाबाई एकदा वरवर म्हणाल्या. "बाबाले व्हिडिओवर शिकवजो."

"आई, तो व्हिडिओच तं अडकून राह्यला नं!"

अडकायचा हे खरं. गल्लीतली इंटरनेटची लाइन माझ्या घरात येते आणि तिथून नऊ घरांत जाते. याच्याहून मोठी लाइन गावात मिळत नाही. एरवी चालतं. पण हिंमतरावांच्या घरातून लग्नाचे व्हिडिओ वर चढायला लागले की मयुरीचं चित्र थिजायचं. आपल्याला वाटतं, त्यात काय, दोन सेकंद थांबेल. मयुरीने मला दाखवलं तेव्हा कळलं. आवाज तुटला तर तुटला हे समजतं. हात मधेच अडकला तर त्या अडकलेल्या हाताचाही काहीतरी अर्थ होऊन बसतो. 'ही गोळी घेऊ नको' मधला 'नको' गळाला तर?

ती रडत बसली नाही. वही घेऊन तीन दुपार चक्कीवर येऊन बसली. इंटरनेटवरून काय काय वाचत होती आणि मधून मधून बापाच्या हाताकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी मोटर थांबल्यावर म्हणाली, "काकू, आपल्या लाइनीले स्पीड कमी नाई. तिच्या रांगेवर माणूसच नाई कोनी. जो आला तो घुसला. हिंमतकाकाचं पोतं पुढं पडलं की माहा डबा मांगं. लाइनीले बाबासारखा माणूस पाह्यजे."

"लाइनीत माणूस कसा बसवशीन?"

"बसवतो नं."

ती मलकापूरला गेली आणि तिथल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून टाकाऊ डबा घेऊन आली. टीव्हीला लावून सिनेमे बघायचा तो काळा डबा, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा. कुणीतरी जुना झाला म्हणून फेकला होता. मी नाक मुरडलं. मयुरी म्हणाली, आत मोबाइलमध्ये असते त्याच जातीची चिप आहे, एआरएम म्हणतात; वीज खात नाही, आवाज करत नाही, आणि सिनेमा दाखवायची अक्कल आहे तर रांग लावायचीही शिकेल. शिकवायचं सॉफ्टवेअर कुठून आणणार, तर ते जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि कुणालाही घ्या म्हणून ठेवलंय. हे मला फार आवडलं. कुठल्या देशातला कोण, त्याने बसून रांगेचा विचार केला आणि तो उघड्यावर ठेवून दिला.

दोन दिवस डबा काही ऐकेना. त्याच्या पाठीमागच्या गोल भोकात आत एक बटण लपलेलं असतं. ते दाबून धरून वीज लावली तरच तो जुनं विसरून नवीन शिकायला तयार होतो. दातकोरणी तुटली, सुई मी लावू दिली नाही. शेवटी झाडूची काडी बरोबर बसली. ती मी धरली होती, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. डब्याला तारेचं भोक एकच होतं, दुसरं तिने बाजूला एक छोटी जोडणी लावून काढलं. एकीकडून लाइन आत, दुसरीकडून नऊ घरांकडे. सगळ्यांचं जाणंयेणं आता डब्यातून.

मग ती आकडे घालायला बसली. आमची लाइन चाळीसच्या स्पीडची. तिने लिहिले छत्तीस.

"चार कायले सोडले बापा?" मी विचारलं.

"तुम्ही पेटी काठोकाठ भरता काय, काकू?"

पुढे तिने सांगितलं की डबा बारके, घाईचे तुकडे ओळखून मधे घेतो, बोलण्याचे, चित्राचे. आणि मोठे ढीग मागून सावकाश सोडतो. आणि घरात पाच मोबाइल असले तरी नंबर घराचा एकच. "हिंमतकाकाचं हिरवं झाकन त्यालेही समजते," ती म्हणाली. भाऊ शेजारी उभे होते. मयुरीने तेच त्यांना हातांनी सांगितलं, शेवटी चिमूट दाखवून. भाऊंनी डब्याच्या पाठीवर तळहात ठेवला. नवीन मशीन आलं की ते असंच करतात. आवाज ऐकू येत नाही, म्हणून हाताने ऐकतात.

चाचणी सोमवारी दुपारी तीनला होती. एप्रिल महिना, ऊन बेचाळीसच्या वर. आणि त्या सकाळी माझ्यातली चक्कीवाली जागी झाली. आमच्याकडे पीठ कशावरही बसतं, म्हणून मोबाइल, कॅल्क्युलेटर, रेडिओ, जे काही नाजूक ते प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि वर रबर लागतं. मी डबाही पिशवीत घातला. एवढ्यात जनकाबाई आल्या त्या हातात विणलेला रुमाल घेऊन. निळा, पांढऱ्या काठाचा, काठाला मणी. आठवडाभर विणत होत्या. त्यांच्या घरी टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, फ्रीजच्या मुठीलासुद्धा आहे.

"पोरीचं नशीब आहे यात. उघडं कसं ठेवा?" त्या म्हणाल्या.

"खरं आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तो रुमाल चारही बाजूंनी नीट बसवला. मी वर हळदकुंकवाचं बोटही लावलं. मयुरी तेव्हा माझ्या घराच्या आतल्या खोलीत, स्क्रीनवर मागे स्वच्छ दिसावं म्हणून, पांढरी चादर भिंतीला ठोकत होती.

तीन वाजता स्क्रीनवर प्रतीक्षा मॅडम आल्या. कंपनीत चाचणी त्याच घेतात, त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. त्या पेशंट झाल्या, दुसऱ्या चौकटीत एक डॉक्टर हिंदीत बोलत होता. भाऊंनी भर दुपारी चक्की बंद ठेवली होती. मी आणि जनकाबाई दाराआड उभ्या. मयुरीचे हात असे चालत होते की मला पहिल्यांदा वाटलं, ही आपली पोर नाही, ही कुणीतरी मोठी बाई आहे.

वीस मिनिटं झाली आणि चित्र अडखळलं. मग पुन्हा. मग प्रतीक्षा मॅडमचा हात हवेत अर्धा तसाच राहिला. मयुरी स्क्रीनसमोरून उठू शकत नव्हती. मी चप्पल न घालता धावले, थेट हिंमतरावांकडे.

"हिंमतराव, ते व्हिडिओ चढवनं बंद करा आधी!"

"काऊन, वहिनी? पुतनीच्या हळदीचा आहे. पाहुने वाट पाहून राह्यले."

"पोरीची परीक्षा चालू आहे तिथं!"

"मंग तुमचा तो डबा काय करून राह्यला? मयुरीच तं म्हने, काका, खुशाल वापरा."

तरी त्यांनी बंद केलं, आणि मी तळपाय भाजून घेत परत आले. चित्र तसंच अडकत होतं. आणि पुढच्या खोलीत, डबा ठेवलेल्या फळीसमोर, भाऊ उभे होते, डब्यावर तळहात ठेवून. त्यांनी हात झटकन मागे घेतला. रुमाल काढला. खालची पिशवी दोन बोटांत धरून वर केली आणि आधी जनकाबाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

मी अंगठा स्वतःच्या छातीला लावला. मी.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खुंटीवरचं सूप काढलं आणि डब्याला वारा घालायला सुरुवात केली. जोरात नाही, पाखडतात तसा, एका लयीत. दगड तापला की पीठ करपू नये म्हणून भाऊ चक्की सावकाश करतात. ही चिपही तापली की स्वतःला वाचवायला सावकाश होते, आणि सावकाश झाली की नऊ घरांची रांग तिच्याच्याने सांभाळली जात नाही. हे मयुरीने नंतर सांगितलं. भाऊंना ते तळहाताने कळलं होतं. तीनचार मिनिटांत चित्र सरळ झालं. पण चार वाजेपर्यंत त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. शर्ट पाठीला चिकटला होता.

शेवटी प्रतीक्षा मॅडम सावकाश काही बोलल्या, आणि मयुरीने ते आम्हाला सांगितलं. चित्र तीन मिनिटं चाळीस सेकंद अडकलं. तेवढ्या वेळात त्या तीन वेळा 'नको' म्हणाल्या होत्या आणि एकही डॉक्टरपर्यंत पोचला नाही. मयुरीचं काम त्यांना पसंत होतं. गुरुवारी तीन वाजता पुन्हा घेऊ. तेव्हाही अडकलं तर मात्र इंदूर.

"माह्या रुमालानं घात केला," जनकाबाई रडायलाच लागल्या.

"रुमालाच्या आत पिशवी माझी होती," मी म्हटलं. "तुमच्या रुमालाले तरी भोकं आहेत."

मयुरी हसली. मला तिचं हसू रागावण्यापेक्षा जास्त लागलं. तिने लॅपटॉपवर आकडा काढून बापाला दाखवला, चिप नव्वद अंशांपर्यंत गेली होती. भाऊंनी मान हलवली आणि ते चक्कीच्या मागे गेले. तिथे आमची जळालेली जुनी मोटर पडून आहे. तिच्या ॲल्युमिनियमच्या कवचावर उभ्या पट्ट्या असतात, मोटरची उष्णता वाऱ्याला द्यायला. भाऊंनी दुसरा दिवस अख्खा करवत चालवून त्यातला तळहाताएवढा तुकडा कापला, घासून एका बाजूने आरशासारखा सपाट केला. मयुरीने डब्याचं झाकण काढून तो चिपवर बसवला. डबा आता उघडा, उत्तरेच्या भिंतीवर, माठाच्या वर उभा टांगला. दिसायला फारच वाईट. पीठ बसलं तर? "रोज सांजेले ब्रशनं झटका," मयुरी मला म्हणाली. शिक्षा म्हणाली नाही, पण मी ती शिक्षा म्हणूनच घेतली.

बुधवारी मी ठरवलं होतं की गुरुवारी घरोघरी जाऊन सगळ्यांचं इंटरनेट तासभर बंद करवायचं. मयुरी माझ्याआधी नऊ घरं फिरून आली होती, आणि उलटंच सांगून आली होती. उद्या तीन वाजता सगळ्यांनी वापरा. जेवढं जमेल तेवढं.

हिंमतराव माझ्याकडेच आले. "वहिनी, पोरगी सरकली काय? मले म्हने, काका, हळदीचा राह्यलेला व्हिडिओ उद्या तीनलेच चढवा. मुद्दाम!"

"मुद्दामच," मागून मयुरी म्हणाली. "रिकाम्या चक्कीवर नंबर लागला त्यात काय मोठं हाय, काका?"

"अवं पन एवढी एकच संधी आहे बापा तुले," मी म्हटलं.

"काकू, मी रोज काम करीन. तुम्ही रोज गल्ली बंद करत फिरसान काय?"

माझ्या पायाचे फोड अजून गेले नव्हते.

गुरुवारी तीनला मी डब्यापाशी सूप घेऊनच उभी राहिले. भाऊ म्हणाले, ठेव. मी ठेवलं नाही. त्यांचा तळहात त्या पट्ट्यांवर होता आणि दर थोड्या वेळाने ते मला सांगत, कोमट. अजून कोमट. गल्लीत कुठे क्रिकेट लागलं होतं, कुठे मालिका, आणि साडेतीनला हिंमतराव स्वतःच फोन हातात धरून दारात येऊन उभे राहिले.

"चाळीस टक्के," ते कुजबुजले. "हळू आहे, पन जाऊन राह्यला."

आतल्या खोलीत, उघड्या दारातून दिसणाऱ्या स्क्रीनवर, प्रतीक्षा मॅडम भराभर बोलत होत्या. मला वाटतं मुद्दाम भराभर. पोट दुखतं, कधीपासून, इथे नाही तिथे, ती गोळी नको, मागच्या वेळी अंगावर पुरळ आलं. मी 'नको' ओळखते. मी ते मोजत होते. सात वेळा म्हणाल्या, सातही वेळा मयुरीच्या तोंडून 'नहीं' निघालं, त्याच क्षणी. मधे एकदाही कुणाचा हात हवेत थांबला नाही. नऊ घरं त्याच लाइनीतून ओढत होती आणि पोत्यापोत्यांच्या गव्हामधून ती शेरभर ज्वारी सारखी पुढे निघत होती. भिंतीवर डबा काहीच करताना दिसत नव्हता. चांगली रांग लावणारा माणूसही दिसत नाहीच.

चार वाजले. प्रतीक्षा मॅडमनी विचारलं, आज गल्ली बंद ठेवली होती का?

मयुरीने लॅपटॉप उचलला आणि त्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं. दारात फोन घेऊन हिंमतराव, मी सुपासकट, पदराने तोंड झाकलेल्या जनकाबाई, आणि भिंतीवर हात ठेवून इंद्रभानभाऊ. मॅडमनी भाऊंना सरळ विचारलं, हे कुणी केलं? त्यांच्याच भाषेत, परक्या माणसाने, पहिल्यांदा. भाऊंनी डब्यावरून हात काढला. मग त्यांनी शिकलेल्या शब्दात सांगितलं, मुलीने.

मॅडमनी पुढे विचारलं, आणि डब्याला कसं कळतं कुणाला आधी सोडायचं?

त्याचे शब्द भाऊंना अजून शिकवले नव्हते. त्यांनी चिमूट केली आणि हात चक्कीकडे नेला. मॅडमना समजलं नाही. मयुरी समजावू लागली, तर भाऊंनी तिला थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं, हातांनी, अंगाने, तोंडाने. पोतं घेऊन बसलेली बाई, मागून आलेली घाईची बाई, चक्की, पीठ, सांज. मॅडम लक्ष देऊन बघत होत्या. मग त्यांनी तिकडे इंदुरात बसून तीच चिमूट करून पाहिली आणि बरोबर का म्हणून विचारलं. भाऊंनी त्यांचा अंगठा जरा सरळ करायला लावला.

"सोमवारपासून सुरू करशील?" मॅडमनी मयुरीला विचारलं.

मयुरीचे हात वर यायच्या आत भाऊंनीच उत्तर दिलं. कदाचित.

मयुरीने बापाच्या दंडावर चापट मारली आणि हो म्हटलं, दोन्ही हातांनी. हिंमतरावांनी विचारलं, काय झालं, काय झालं, आणि कुणी सांगेना तेव्हा फोन माझ्यापुढे धरला. "मी काय म्हंतो वहिनी, माहा अजून पंधरा टक्के बाकी आहे. डबा बंद नोका करजा."

बंद कोण करतं. मी ब्रश घेतला आणि पट्ट्यांवरचं पीठ झटकायला लागले. रुमाल जनकाबाईंनी मयुरीच्या खुर्चीच्या पाठीला लावलाय, तिथे तो कुणालाही तापवत नाही. भाऊंनी चक्कीचं दार उघडलं. बाहेर तासाभराची रांग तुंबली होती, बायका हातवारे करून त्यांना नको नको ते बोलत होत्या, आणि त्यांना त्यातलं सगळं समजत होतं.